तोंड नसलेली पुळी

डोळ्याखाली किंवा गालाच्या वरच्या भागावर एखाद्या दिवशी आरशात पांढरा दाणा दिसतो. राजगिऱ्याएवढा, गोल, घट्ट. तो दुखत नाही, खाजत नाही, लालही होत नाही. आठवडा जातो, महिना जातो, दाणा तसाच. मग चेहऱ्यावरच्या कुठल्याही उंचवट्यावर जो उपाय होतो तोच इथेही होतो: दोन नखांमध्ये धरून दाबायचं. आजूबाजूची कातडी लाल होते, नखांच्या खुणा उमटतात, पण दाणा जागचा हलत नाही. त्यानंतर लिंबू, टूथपेस्ट, वाफ, स्क्रब असं एकेक सुरू होतं आणि शेवटी ‘पुळ्यांवरची क्रीम द्या’ म्हणून मेडिकलमधून एखादी ट्यूब घरी येते. या सगळ्या खटाटोपामागे एक समजूत असते, की ही पिकायची राहिलेली पुळी आहे आणि आतला पू किंवा तेल बाहेर काढलं की काम झालं. त्वचारोगतज्ज्ञ या दाण्याला मिलिया म्हणतात. त्यात पू नसतो, तेल नसतं आणि मुख्य म्हणजे त्याला तोंड नसतं. गळवाला तोंड फुटतं, मुरमाला बारीक का होईना तोंड असतं. हा दाणा मात्र सगळीकडून बंद असतो. एवढी गोष्ट नीट ध्यानात घेतली तर कुठला उपाय वाया जाणार आणि कुठला लागू पडणार, हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येतं.

तो बंद का असतो हे समजून घ्यायला कातडीच्या रोजच्या कामाकडे पाहायला हवं. त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतो, पापणीवर तर त्याहून पातळ. त्याच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात आणि वर सरकत राहतात. वाटेत त्या केराटिन नावाच्या प्रथिनाने भरत जातात आणि पृष्ठभागाशी येईपर्यंत मरून चपट्या होतात. नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात तेच हे केराटिन. साधारण चार आठवड्यांच्या या प्रवासानंतर पेशी झडून जातात. अंघोळीत अंग चोळल्यावर निघणाऱ्या मळात त्यांचा वाटा मोठा असतो. आता चेहऱ्यावर जी जेमतेम दिसणारी लव असते, तिच्या प्रत्येक केसाभोवती याच थराची एक अरुंद नळी कातडीत उतरलेली असते. नळीच्या भिंतीवरूनही पेशी झडतात आणि वरच्या तोंडातून बाहेर पडतात. कधीकधी या नळीच्या खालच्या भागातला एक तुकडा वेगळा पडतो, त्याच्याभोवती भिंत पूर्ण होते आणि इवलीशी पिशवी तयार होते. भिंत आपलं काम थांबवत नाही. पेशी आतल्या आत झडत राहतात, त्यांना बाहेर पडायला वाट नसते, आणि थरावर थर बसून एक ते दोन मिलिमीटरचा टणक पांढरा गोळा होतो. अमेरिकेत विल्यम एपस्टीन आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी 1956 मध्ये मिलियाच्या उगमावर प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही उद्धृत केला जातो. आपणहून येणारे दाणे लवेच्या नळीतून उपजतात आणि कातडीला इजा झाल्यावर येणारे दाणे घामाच्या नळ्यांसारख्या इतर भागांतूनही उपजू शकतात, हा फरक त्या कामातून पक्का झाला. (हेच क्लिगमन फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे पुढे बदनाम झाले. त्वचाशास्त्रात त्यांचं नाव टाळताही येत नाही आणि निर्धास्तपणे घेताही येत नाही.)

हा दाणा तेलामुळे होत नाही, याचा सर्वांत सोपा पुरावा पाळण्यात मिळतो. नवजात बाळांपैकी सुमारे 40 ते 50 टक्के बाळांच्या नाकावर, गालांवर, हनुवटीवर असे पांढरे ठिपके असतात. बाळाने तळकट खाल्लेलं नसतं, त्याच्यावर तारुण्य आलेलं नसतं, चेहरा धुवायचा राहिलेला नसतो. तरी दाणे असतात. आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांत ते कमी आढळतात, म्हणजे कातडीच्या वाढीच्या क्रमाशी त्यांचा संबंध आहे, अस्वच्छतेशी नाही. याहून बोलका पुरावा बाळाच्या तोंडात असतो. टाळूच्या मध्यरेषेवर पुष्कळ बाळांना पांढरे-पिवळसर बारीक दाणे असतात. प्रागमधले बालरोगतज्ज्ञ अलोइस एपस्टीन यांनी 1880 मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि तेव्हापासून ते एपस्टीनचे मोती म्हणून ओळखले जातात (वर उल्लेख आलेले एपस्टीन वेगळे). गर्भात टाळूचे दोन भाग मध्ये येऊन जुळतात तेव्हा सांध्यात थोड्या पेशी अडकतात, आत केराटिन साठतं आणि दाणा होतो. टाळूवर लव नाही, चेहऱ्यासारखं तेल नाही, तरी तसाच दाणा तयार होतो. म्हणजे बंद पिशवी आणि तिच्यात झडणाऱ्या पेशी, एवढं भांडवल त्याला पुरतं. हिरडीवरचे असे दाणे घरात पुष्कळदा दात समजले जातात, आणि जन्मतः दात असणं अशुभ मानणाऱ्या घरांत त्यावरून उगाच कुजबुज होते. दात मात्र तिथे नसतोच.

बाळाच्या चेहऱ्यावरचे दाणे काही आठवड्यांत आपोआप जातात. नेमक्या याच आठवड्यांत आपल्याकडे मालिश करणाऱ्या बाईचा हात चालू असतो, डाळीचं पीठ आणि साय लावून बाळाचं अंग चोळलं जात असतं. दाणे गेले की श्रेय पिठाला मिळतं आणि पुढच्या बाळंतपणात तोच उपाय अधिक खात्रीने होतो. पीठ न लावलेल्या बाळाचे दाणेही त्याच सुमारास गेलेले असतात, पण त्याची तुलना करायला कोणी बसत नाही. तेलाच्या हलक्या मालिशबद्दल इथे तक्रार नाही. चेहऱ्यावरचे ठिपके ‘काढण्यासाठी’ खरखरीत पीठ घासणं मात्र नव्या, नाजूक कातडीला ओरखडे पाडतं आणि जंतूंना आत शिरायला जागा करून देतं. बाळाच्या अंगावर उन्हाळ्यात उठणारं घामोळं हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे घामाची नळी वरच्या वर तुंबते, पाण्यासारखे किंवा लाल बारीक पुरळ उठतात आणि बाळाला थंड, मोकळं ठेवलं की बसतात.

मोठ्यांच्या बाबतीत वाट पाहण्याचा मार्ग उघडा असतो, पण लांबचा. मोठ्या माणसाचा दाणा काही महिन्यांत जाऊ शकतो किंवा वर्षानुवर्षं राहू शकतो. म्हणून उपाय शोधले जातात आणि इथे तोंड नसण्याचा मुद्दा कामाला येतो. वाफेने भोक मोकळं होतं असं म्हणतात. इथे मोकळं व्हायला भोकच नाही. टूथपेस्ट पुळी सुकवते असं मानलं जातं. इथे सुकण्यासारखा ओलावा नाही, केराटिन आधीच कोरडं आहे. लिंबाचा रस कातडीच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थराला झोंबतो, त्याखालच्या पिशवीपर्यंत त्याचा काही असर पोचत नाही, आणि डोळ्याखाली लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखा डाग पडतो तो वेगळाच. अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब पृष्ठभाग खरवडतो, तर दाणा पृष्ठभागाच्या खाली बसलेला आहे. नखांनी दाबण्यात तर ताकद चहूबाजूंनी लागते आणि आतला गोळा वर येण्याऐवजी आजूबाजूच्या कातडीला सूज येते. हे सगळे उपाय सौम्य पडतात म्हणून अपुरे ठरतात असं नाही. ते दुप्पट जोर लावून केले तरी अपुरेच ठरतील, कारण त्यांची दिशाच चुकीची आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘पण माझा दाणा दाबल्यावर निघाला की!’ तो निघाला असेलही, पण बहुधा तो मिलियाचा नव्हता. मुरमांच्या कुळात बंद तोंडाची एक पांढरट पुळी असते, तिला सगळे व्हाइटहेड म्हणून ओळखतात. ती कपाळावर, हनुवटीवर, नाकाच्या बाजूला घोळक्याने येते, सोबत काळ्या तोंडाचे ठिपके आणि लाल मुरूमही असतात, आणि वय साधारणपणे शाळा-कॉलेजचं असतं. तिला दिसणार नाही इतकं बारीक तोंड असतं, आत मऊ आणि तेलकट ऐवज असतो, म्हणून दाबल्यावर कधीकधी तो बाहेर येतो. मिलियाचा दाणा बहुधा एकटादुकटा किंवा मोजकाच, पापणीवर आणि डोळ्यांभोवती, स्पष्ट पांढरा आणि बोटाला टणक लागणारा असतो. एकाच चेहऱ्यावर दोन्ही असू शकतात, ही खरी अडचण. मग एकावर चाललेला उपाय दुसऱ्यावर का चालत नाही, म्हणून माणूस गोंधळतो.

दुसरा समज जास्त भारदस्त आहे: डोळ्याभोवतीचा पांढरा दाणा म्हणजे रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल. मिलियात चरबी नसते, त्यामुळे त्यावरून रक्तातल्या चरबीविषयी काहीही अनुमान निघत नाही. पण हा समज हसण्यावारी नेण्यासारखाही नाही, कारण त्याच जागी, पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी, चरबीचे खरेखुरे डाग येतात. त्यांना झँथेलाझ्मा म्हणतात. ते पिवळे, चपटे, मऊ आणि पसरट असतात. गोल टणक दाणा नसतो. ते असलेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात चरबीचं प्रमाण वाढलेलं आढळतं. कोपनहेगन शहरातल्या 12,745 लोकांचा अनेक वर्षं माग ठेवून केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की झँथेलाझ्मा असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळपास दीडपट होता, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल हिशेबात धरल्यावरही तो जास्तच राहिला. म्हणजे पिवळा चपटा डाग असेल तर लिपिड प्रोफाइल करून घेणं शहाणपणाचं आणि पांढरा टणक दाणा असेल तर त्या कारणासाठी रक्त देण्याची गरज नाही. दोन्हींना सरसकट ‘चरबीची गाठ’ म्हटलं की घाबरायचं तिथे माणूस निवांत राहतो आणि निवांत राहायचं तिथे घाबरतो.

सारख्या दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. खालच्या पापणीवर कातडीच्याच रंगाचे, किंचित चपटे, दोन्ही डोळ्यांखाली सारखे पसरलेले बारीक उंचवटे असतील तर ते बहुधा सिरिंगोमा, म्हणजे घामाच्या नळ्यांच्या निरुपद्रवी गाठी. त्या स्त्रियांत जास्त आढळतात. त्यांना सुई लावली तर आतून काहीच निघत नाही, कारण त्यात काही साठलेलंच नसतं. चाळिशीनंतर कपाळावर आणि गालांवर मध्ये खळगा असलेले पिवळसर उंचवटे येतात, ते वाढलेल्या तैलग्रंथींचे. ओठांच्या कडेवरचे पिवळट-पांढरे बारीक ठिपके, ज्यांना फोर्डाइस ठिपके म्हणतात, हा तर आजारच नाही. त्या जागी असलेल्या तैलग्रंथी तेवढ्या दिसतात. दंडाच्या मागच्या बाजूला हात फिरवल्यावर खरखरीत लागणारे शेकडो बारीक कण हे केसांच्या तोंडाशी केराटिन अडकल्याने होतात आणि त्यांना मिलिया समजून टोकरत बसण्यात अर्थ नाही.

या यादीत एकाकडे मात्र नीट पाहायला हवं, ते म्हणजे मोलस्कम. देवीच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू त्याला कारणीभूत असतो. लहान मुलांच्या चेहऱ्यावर, मानेवर, काखेत दोन ते पाच मिलिमीटरचे गुळगुळीत, पांढरट-गुलाबी दाणे येतात आणि प्रत्येकाच्या मध्यभागी लहानसा खळगा असतो. मिलिया एकापासून दुसऱ्याला होत नाही, मोलस्कम होतं. ते खाजवल्याने, टोकरल्याने, एकच टॉवेल वापरल्याने पसरतं, आणि एखाद्या आईने मुलाचे ‘पांढरे दाणे’ सुईने फोडले तर दहाचे तीस व्हायला वेळ लागत नाही. मुलांत ते बहुधा काही महिन्यांत, कधी वर्षभराहून जास्त काळाने, आपोआप जातं. प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर असे दाणे मोठ्या संख्येने उठले तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवू शकतात, कारण प्रतिकारशक्ती खालावली की ते फोफावतात. हे सगळे फरक डर्माटोस्कोप नावाच्या हातात मावणाऱ्या भिंगातून बरेच स्पष्ट होतात. अनुभवी नजरेला बहुतेक वेळा भिंगाचीही गरज पडत नाही.

दाणा मिलियाचाच आहे हे ठरलं की उपाय जवळजवळ कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे. रुग्णाला आडवं झोपवतात, दिव्याचा झोत चेहऱ्यावर आणतात, जागा जंतुनाशकाने पुसतात. बहुतेकांना बधिर करावंही लागत नाही. निर्जंतुक सुई कातडीला जवळजवळ समांतर धरून तिच्या टोकाने दाण्याच्या माथ्यावर मिलिमीटरहून लहान छेद घेतात. सुई खुपसायची नसते, फक्त वरचं पातळ आवरण उचलून फाडायचं असतं. मग दोन्ही बाजूंनी अलगद दाब दिला की एक पांढराशुभ्र गोल कण अख्खा बाहेर येतो. तो गॉजवर घेऊन बोटाने चोळला तर पसरत नाही, कडक राहतो. पू असता तर माखला असता. रक्त आलंच तर टाचणीच्या टोकाएवढं. दोन-चार दिवसांत खपली पडते आणि सहसा मागे काही उरत नाही. पिशवीची भिंत शिल्लक राहिली तर दाणा पुन्हा भरू शकतो, हे आधीच सांगितलेलं बरं. दाणे पुष्कळ असतील तर काही डॉक्टर विजेच्या सूक्ष्म सुईने किंवा लेझरने त्यांची तोंडं करतात. साधनं वेगळी असली तरी काम एकच: जिथे तोंड नाही तिथे ते करून देणं.

मग हे घरी का करू नये? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि ‘डॉक्टरकडेच जा’ म्हणून तो झटकणं योग्य नाही. कृती अवघड नाही हे खरंच आहे. अडचण तिच्या आधी आणि नंतर आहे. आधीची अडचण ओळखण्याची: वर सांगितलेल्यांपैकी मोलस्कमला सुई लावली तर ते पसरेल आणि सिरिंगोमाला लावली तर फक्त जखम होईल. नंतरची अडचण जागेची. दाणा बहुतेक वेळा पापणीवर असतो, आरशात हात उलटा चालतो, आणि मिलिमीटरभराच्या चुकीने सुई कुठे जाईल हे सांगायला नको. ज्योतीवर तापवलेली शिवणकामाची सुई निर्जंतुक झाली असं मानलं जातं. तिच्यावर काजळी बसते आणि ती पुसायला घेतलेल्या कापडावरचे जंतू पुन्हा तिला लागतात. मधुमेह असलेल्यांनी तर डोळ्याजवळच्या जंतुसंसर्गाशी खेळूच नये. ब्यूटी पार्लरमध्ये फेशिअल करताना हे दाणे ‘काढून’ दिले जातात तिथे आणखी एक प्रश्न आहे. सुई प्रत्येकीसाठी नवी आहे का? हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि त्यांना डोळ्यांनी दिसेल एवढं रक्त लागत नाही. प्रत्येक वेळी नवी सीलबंद सुई उघडणारं पार्लर असेल तर हा एक धोका टळतो, ओळखण्याचा प्रश्न तरीही उरतो.

या सगळ्यात आपल्याकडे सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू रंगाची आहे. गव्हाळ ते सावळ्या कातडीत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चटकन चिथावतात. जरा दाह झाला, ओरखडा पडला, की त्या जागी काळपट डाग उमटतो आणि तो फिकट व्हायला कित्येक महिने लागतात. युरोपात लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा अनेकदा तळटीपेत असतो. इथे तो पहिल्या ओळीत हवा. पांढरा दाणा हातभरावरून कोणाला दिसत नाही, दाबून-घासून उमटलेला काळा डाग मात्र खोलीच्या पलीकडून दिसतो. लग्नाला आठवडा उरलेला असताना दाण्यांवर हल्ला चढवणाऱ्यांनी तर हा हिशेब आधी मांडावा. अगदी डॉक्टरकडून काढून घ्यायचे असतील तरी समारंभाच्या तीन-चार आठवडे आधी काढलेले बरे.

मग लावायचं असं काहीच नाही का? एक आहे, आणि ते वरच्या सगळ्या मांडणीला आव्हान देणारं वाटेल. दाणे पुष्कळ असतील तर त्वचारोगतज्ज्ञ ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलिन अशी व्हिटॅमिन ए च्या कुळातली मलमं देतात, आणि काहींना त्यांचा उपयोग होतो. तोंडच नाही तर बाहेरून लावलेलं मलम चालतं कसं? ही औषधं तोंड उघडत नाहीत. ती कातडीच्या वरच्या थराची उलाढाल वाढवतात, पेशी लवकर तयार होऊन लवकर झडू लागतात, मेलेला थर पातळ होतो, आणि उथळ बसलेली पिशवी हळूहळू वर सरकून झडणाऱ्या थराबरोबर निघून जाण्याची शक्यता वाढते. त्यामुळे त्यांना दिवस नव्हे, आठवडे आणि महिने लागतात. पुराव्याबद्दल स्पष्ट बोलायचं तर मुरमांसाठी ट्रेटिनॉइनचा आधार भक्कम आहे, 1971 पासून अमेरिकेत ते त्यासाठी मान्यताप्राप्त आहे. मिलियासाठी मात्र आधार मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींचा आणि डॉक्टरांच्या अनुभवाचा आहे. शिवाय ही मलमं कातडी सोलवटतात, उन्हाला हळवी करतात, पापणीवर लावता येत नाहीत आणि गरोदरपणात टाळायची असतात. म्हणजे दाणा ज्या जागी सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच जागी हे औषध चालत नाही. चार-दोन दाण्यांसाठी सुईचं एक मिनिट तीन महिन्यांच्या मलमापेक्षा स्वस्त पडतं, असं माझं मत.

खरा धोका या मलमांचा नाही, मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या दुसऱ्याच मलमांचा आहे. ‘चेहऱ्यावर बारीक काहीतरी आलंय’ एवढं सांगितलं की पुष्कळदा हातात पडते ती स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब, किंवा गोरं करण्याच्या नावाखाली खपणारं स्टेरॉइडचं मिश्रण. देशातल्या 12 केंद्रांवर त्वचारोगाच्या 2926 रुग्णांची पाहणी करून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 433 जण, म्हणजे जवळपास 15 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. मिलियावर स्टेरॉइडचा काहीही गुण येत नाही. उलट ते दीर्घकाळ लावल्याने कातडी पातळ होते, लालबुंद होते, मुरूम उठतात, बायकांच्या गालांवर केस येतात, आणि ज्या दाण्यासाठी ट्यूब आणली तसेच नवे दाणेही येऊ शकतात. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, म्हणून लावणारा खूश असतो. थांबवल्यावर जळजळ आणि लाली उसळते, म्हणून तो पुन्हा लावतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लावून धरल्यानंतर 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम झाला. काउंटरवरची सवय तेवढ्या वेगाने बदललेली नाही. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव बारीक अक्षरांत असेल तर ती चेहऱ्यावर आपल्या मनाने लावायची नाही, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

जाड क्रीम आणि डोळ्यांखालच्या जेलांवर दाण्यांचा दोष टाकण्याची हल्ली पद्धत आहे. व्हाइटहेडच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. तेलकट प्रसाधनांनी केसांची तोंडं बुजतात हे क्लिगमन यांच्याच काळापासून माहीत आहे. मिलियाच्या बाबतीत पुरावा तुटपुंजा आहे. दाणे वारंवार येत असतील तर काही महिने डोळ्यांभोवती जड क्रीम बंद करून पाहायला काही बिघडत नाही, पण त्यासाठी महागडी ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे तोंडं न बुजवणारी म्हणवणारी, बाटली घेण्याचा आग्रह धरण्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आणि दाणा जर इतका निरुपद्रवी, तर त्यात डॉक्टरांचा वेळ कशाला घालवायचा? नाही घालवला तरी चालतो. मिलियाचा कर्करोग होत नाही, तो रक्तात उतरत नाही, नजरेला त्रास देत नाही. दिसायला खटकतो म्हणून काढून घ्यायची इच्छा असणं हेही पुरेसं कारण आहे, त्यासाठी आजाराचं निमित्त शोधायची गरज नाही. वेगळी नजर लागते ती दाणे कुठे आणि कशानंतर आले याकडे. तव्याचा चटका बसून फोड आला, तो भरला आणि त्या जागी पांढरे दाणे उठले, तर ते बऱ्या होणाऱ्या कातडीत घामाच्या नळ्यांचे तुकडे अडकल्याने. त्वचा घासून काढण्याच्या किंवा लेझरच्या उपचारानंतरही असं होतं आणि बहुधा आपोआप निवळतं. कानामागे लालसर, उंचावलेल्या चट्ट्यावर दाण्यांचा दाट पुंजका असेल तर तो 1903 मध्ये बाल्झर आणि फुके यांनी नोंदवलेला दुर्मीळ प्रकार असू शकतो. त्याला नुसती सुई पुरत नाही, गोळ्या-मलमांचा विचार करावा लागतो. जन्मापासून जरा घासलं तरी फोड येणाऱ्या मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व्रण आणि दाणे दिसत असतील तर मूळ प्रश्न कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा असतो. आणि मध्यम वयाच्या माणसाच्या हातांच्या मागच्या बाजूला उन्हाने फोड येत असतील, कातडी जराशा धक्क्याने सोलवटत असेल आणि भरलेल्या जागी पांढरे दाणे उरत असतील, तर पोर्फिरिया नावाच्या आजाराची शंका घ्यावी लागते. त्याचं नातं यकृताशी, शरीरात साठलेल्या लोहाशी, दारूशी आणि हिपॅटायटिस सीशी असतं. अशा हातावरचे दाणे काढत बसण्याआधी डॉक्टर लघवीतल्या पोर्फिरिनची आणि यकृताची तपासणी सांगतात.